फूटपाथ कोणाच्या पायांसाठीं?

आठवडे बाजाराच्या दिवशीं सकाळीं सुरगाण्याच्या रस्त्याच्या कडेस घटकाभर उभें राहावें आणि लोकांच्या तोंडांकडे न पाहतां फक्त पायांकडे पाहावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे. पाड्यापाड्यांवरून निघालेले पाय. कोणाच्या पायांत रबरी चप्पल, कोणाच्या पायांत तीही नाहीं. टांचांना भेगा, भेगांत शेतांतली माती. डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल घेतलेली बाई, वरईचें गाठोडें घेतलेला म्हातारा, दप्तर पाठीस लावलेलीं शाळेचीं पोरें. अंगावरून जीपगाड्या जातात, मोटारसायकली जातात, एस. टी. जाते. ह्या पायांना जागा कोणती? आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांच्या गांवीं ती एकच असते. जेथें डांबर किंवा काँक्रीट संपतें आणि गटार सुरू होतें, त्या दोहोंच्या मधली वीतभर पट्टी. पावसाळ्याचे चार महिने तीही पाण्याखालीं.

हे पाय साधे नव्हेत. ६ मार्च २०१८ रोजीं नाशकाहून शेतकऱ्यांचा जो पायीं मोर्चा निघाला आणि सुमारें १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोंचला, त्यांत आपल्या तालुक्यांतले किती लोक होते हें येथें कोणास सांगावयास नको. सोललेल्या तळव्यांचीं छायाचित्रें साऱ्या देशानें पाहिलीं. दहावीची परीक्षा चालूं होती. मुलें वाटेंत अडकूं नयेत म्हणून त्या लोकांनीं शेवटची मजल दिवसा न चालतां रात्रीं संपविली. आम्ही शिक्षक, मोर्चाच्या मागण्यांहूनही ही एक गोष्ट आमच्या जास्त लक्षांत राहिली. मुंबईंतून इतक्या शिस्तीनें चालून गेलेल्या माणसांना स्वतःच्या बाजारपेठेंत चालावयास सहा फूट जागा मागतां येऊं नये काय?

असें म्हटलें म्हणजे कांहीं शहाणे हंसतात. “अहो मास्तर, गांवाला फूटपाथ कशाला? हे शहराचे चोचले. आधीं पाणी द्या, दवाखाना द्या.” पाणी हवें, दवाखानाही हवा, तालुक्यांतल्या सीमेवरच्या कांहीं गांवांनीं २०२२ सालच्या अखेरीस रस्ते, पाणी, दवाखाना नाहीं म्हणून आम्हांस गुजरातेंत घाला अशी मागणी केली, ती काय गंमत म्हणून नव्हे. परंतु हे शहाणे बहुतेक मोटारींतून येतात आणि कचेरीच्या दारांत उतरतात. जो चालत नाहीं त्याला फूटपाथ म्हणजे शोभा वाटते. जो चालतो त्याचा तोच रस्ता आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतलीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे मेलेल्या पांचांत जवळजवळ एक असा, कीं ज्यानें कोणतेंही वाहन हातीं धरलेलें नव्हतें. तीं माणसें कोणत्या घरचीं असतील तें वाचकांनींच ताडावें.

आतां मुद्द्यावर येतों. गांवोगांवीं हल्लीं रस्त्यांचें काँक्रिटीकरण निघतें. पैसा सरकारचा, म्हणजे आपलाच. आगपेटी घेणारी आदिवासी बाईही कर भरते. काम निघालें कीं रस्त्याची रुंदी किती, जाडी किती, ह्याची चर्चा पानाच्या टपरीवरसुद्धां होते. पण कडेला काय होणार, चालणारानें कोठें चालावें, कर्ब किती उंच असावा, हें कोणी विचारीत नाहीं. कर्ब म्हणजे फूटपाथाच्या काठाला उभा बसविलेला दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा. ही गोष्ट किरकोळ समजून सर्वांत शेवटीं, उरलेल्या मालांत, उरलेल्या दिवसांत उरकली जाते.

वास्तविक ह्याचे नियम ठरलेले आहेत. १९३४ सालीं स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून एक संस्था आहे. (नांवांत काँग्रेस आहे म्हणून आमच्या कोणा जुन्या वाचकानें दचकूं नये, ही इंजिनियरांची मंडळी आहे, पुढाऱ्यांची नव्हे.) पायीं चालणारांच्या सोयींविषयीं तिची १०३ नंबरची नियमावली १९८८ सालीं प्रथम निघाली आणि २०१२ व २०२२ सालीं सुधारून निघाली. तींत सांगितलें आहे तें आमच्या शब्दांत असें. फूटपाथावर चालावयास मोकळी जागा कमींत कमी १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, असावी. ही रुंदी मोजतांना विजेचा खांब, झाड, दुकानाची पायरी, फलक हें सारें सोडून मोजावयाचें. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत कांहीं लोंबतें नसावें. आपल्याकडे बायकांच्या डोक्यावर पाटी असते, तेव्हां ह्या नियमाचें मोल साहेबापेक्षां आपणांस अधिक. कर्बची उंची १५० मिलिमीटरहून, म्हणजे १५ सेंटीमीटरहून, अधिक नसावी. जेथें चढावयाचें उतरावयाचें तेथें एकास बाराचा उतार करावा. १५ सेंटीमीटर चढावयास १८० सेंटीमीटर लांब उतार लागतो, हा हिशेब चौथीच्या मुलासही येतो. तरीही कित्येक ठिकाणीं हातभर लांबीची घसरगुंडी करून तिला उतार म्हणतात.

वाचक म्हणतील, सहा फूटच कां? कारण दोन माणसें समोरासमोर आलीं तर कोणालाही खालीं उतरावें लागूं नये. जुन्या काळीं कोणी समोरून आला म्हणजे कोणी बाजूस व्हावें, ह्याचे नियम जातीनें ठरत असत, तें आमच्या वाचकांना माहीत आहे. सहा फुटांच्या फूटपाथावर कोणालाच बाजूस व्हावें लागत नाहीं. आम्हांला तर ह्या एका आंकड्यांत बरेंच कांहीं दिसतें.

आणि कर्ब पंधराच सेंटीमीटर कां, ह्याचें उत्तर आम्हीं स्वतः पाहिलें आहे. आम्ही पूर्वीं एका गांवीं नोकरीस असतां शाळेसमोर फूटपाथ झाला. गांवाचें नांव घेत नाहीं. मार्चअखेरीस निधि परत जाईल म्हणून घाईनें झाला. उद्घाटनाचा नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत सातवीच्या मुलांनीं आपल्या कंपासपेटींतली पट्टी कर्बला उभी लावली. ती पट्टी बरोबर १५ सेंटीमीटरची असते. पट्टी संपली आणि कर्ब वर तसाच उरला. दुसरी पट्टी वर ठेवली, तीही पुरली नाहीं. म्हणजे फुटाच्या वर उंची! मुलें उडी मारून चढत आणि त्यांना त्यांत मजा वाटे. परंतु बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका एक हात कर्बवर टेकून, दुसऱ्या हातानें डोक्यावरची पाटी सांवरून, गुडघा उचलून पाहत, आणि पाय पोंचत नाहीं असें दिसलें कीं मुकाट्यानें पुन्हां रस्त्याच्या कडेनें चालूं लागत. फूटपाथाच्या मधोमध विजेचा खांब होता. त्या खांबाच्या अलीकडे दुकानदारांच्या मोटारसायकली उभ्या राहूं लागल्या. महिना दोन महिन्यांत फूटपाथ गाड्यांचा झाला आणि माणसें होतीं तेथेंच राहिलीं.

एक म्हातारी मात्र चढली. आमच्याच वर्गांतल्या एका मुलीची आजी. उतरतांना पडली. खुबा मोडला. ती पुढें उठली नाहीं, आणि नातीला घरीं आजीपाशीं बसवावें लागलें म्हणून त्या मुलीची शाळा सुटली. आम्ही दोनदां घरीं गेलों. तिच्या बापानें आमच्यापुढें चहा ठेवला आणि म्हणाला, “गुरुजी, दोष कोणाला द्यायचा? म्हातारीला दिसत नव्हतं.” आम्ही चहा प्यालों आणि परत आलों. म्हातारीला दिसत नव्हतें हें खरें. पण ज्यांना दिसत होतें त्यांनीं कोणती पट्टी लावली होती, हें आम्हीं त्याला तेव्हां सांगावयास हवें होतें. सांगितलें नाहीं, कारण आम्हांसही तेव्हां हा १५ सेंटीमीटरचा नियम ठाऊक नव्हता. नियम छापलेला होता, तो इंग्रजींत होता, विकत घ्यावा लागत होता, आणि आमच्यासारख्या मास्तराला तो असतो हेंच माहीत नव्हतें. आज हा लेख लिहावयास बसण्याचें कारण तें आहे.

त्या फूटपाथाची दुसरी गोष्ट अशी कीं दुसऱ्या पावसाळ्यांत कर्बच्या कडा बोटानें खरवडल्या तरी वाळू निघूं लागली. ह्यांत देवाचा दोष नाहीं, पावसाचाही नाहीं. काँक्रीट ही आपल्या घरच्या भाकरीसारखी वस्तु आहे; पीठ किती, पाणी किती, ताव किती, ह्यावर तिचें बरेंवाईट ठरतें. केंद्राच्या रस्ते खात्याच्या नियमांत कर्बसाठीं एम-२० दर्जाचें काँक्रीट सांगितलें आहे. २० ह्या आंकड्याचा अर्थ असा कीं १५ सेंटीमीटरचा घन ठोकळा २८ दिवसांनीं दाबयंत्राखालीं ठेवला असतां त्यानें दर चौरस सेंटीमीटरला सुमारें दोनशें किलो भार सोसावा. साध्या प्रमाणानें कालवावयाचें तर एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. घमेल्यानें अदमासें घेऊं नये. सिमेंटच्या एका गोणीच्या मापाचा, म्हणजे ३५ लिटरचा, लांकडी किंवा पत्र्याचा फरमा करून त्यानें मोजावें. आणि पाणी? आय. एस. ४५६ ह्या भारतीय मानकांत ५० किलोच्या एका गोणीस ३० लिटर ही हद्द घातली आहे. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, तिसरी नव्हे.

हें गवंडीकाम करणाऱ्या आमच्या वाचकांस आम्हीं शिकवावें असें नाहीं. त्यांना सर्व ठाऊक आहे. पाणी जास्त घातलें कीं माल सरसर पसरतो, फावडें हलकें चालतें, दिवस लवकर संपतो; आणि पुढें तेंच पाणी उडून जाऊन काँक्रीटच्या पोटांत भोकें राहतात. पाणी जास्त घाल असें मुकादम सांगतो, आणि मजूर रोजावर असतो. तेव्हां मजुराला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण काम झाल्यावर पाणी मारावयाचें असतें तेव्हां मात्र एक थेंब मिळत नाहीं! कालवतांना लागतें त्याहून जास्त आणि पिकवतांना लागतें त्याहून कमी, अशी आपल्याकडे पाण्याची उलटी वांटणी आहे. त्याच मानकाप्रमाणें साध्या सिमेंटला कमींत कमी सात दिवस आणि राख किंवा मळी मिसळलेल्या सिमेंटला कमींत कमी दहा दिवस काँक्रीट ओलें राहिलें पाहिजे. उन्हाळ्यांत साध्यास दहा आणि मिसळलेल्यास चौदा. हल्लीं बाजारांत मिळणारें बरेंचसें सिमेंट मिसळलेलेंच असतें, गोणीवर पी. पी. सी. अशीं अक्षरें असतात. मार्च महिन्यांत कर्ब ओतला, वर गोणपाट नाहीं, टँकर नाहीं, तर तो कर्ब जन्मतःच म्हातारा समजावा.

त्याशिवाय कर्बच्या खालीं कमींत कमी १५ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा पाया असावा लागतो. मातीवर ठोकळे रांगेनें मांडून सांधे भरले म्हणजे कर्ब होत नाहीं. आपल्याकडच्या पावसाचें पाणी मागून मुरूम वाहून नेतें आणि ठोकळे रस्त्याकडे झुकतात. फूटपाथावर पेव्हर ब्लॉक घालावयाचे तर आय. एस. १५६५८ प्रमाणें जेथें वाहन जात नाहीं तेथेंही ते एम-३० दर्जाचे व ५० मिलिमीटर जाडीचे हवेत. खालीं वाळूची गादी धुमसून सारखी केलेली हवी. गटारावरचा ढापा फूटपाथाच्या पातळींत हवा; उघडें चेंबर आणि पावसाचें गढूळ पाणी ह्यांची जोडी काय करते हें सांगण्याची गरज नाहीं.

ह्या सर्वांत आम्हांस सर्वांत लागतें तें हें कीं नाशिक शहरांत त्र्यंबक नाक्यापासून अशोक स्तंभापर्यंत सव्वा किलोमीटरहूनही कमी लांबीचा जो स्मार्ट रोड झाला, त्याला रुंद फूटपाथ मिळाले. आणि नाशकाच्या बांधकामांवर घमेलीं वाहणारे हात पाहावेत तर त्यांत सुरगाणा-पेठकडचे हात किती तरी निघतील. भाताची कापणी झाली कीं आपल्या पाड्यांवरचीं कुटुंबें द्राक्षांच्या मळ्यांवर आणि इमारतींच्या कामांवर जातात. वर्गांतलीं निम्मीं बाकें मोकळीं होतात तेव्हां आम्हांस तें हजेरीपटावरच दिसतें. शहरांतला माल कसा कालवतात, ठोकळे कसे भरतात, तपासणीला कसे नेतात, हें ज्या माणसांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, तींच माणसें आपल्या गांवीं काम निघालें कीं लांब उभीं राहून बघतात. जणू त्यांना त्यांतलें कांहीं कळत नाहीं!

जोतीरावांनीं हें ओळखलें होतें. ते नुसते ग्रंथकार नव्हते. सरकारी कामांचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनीं बांधकामाचा माल पुरविला होता. चुना किती, दगड किती, मस्टरावर मजूर किती आणि कामावर किती, हें त्यांनीं स्वतः पाहिलेलें होतें. म्हणूनच इंजिनियर खात्यांतल्या लबाडीवर त्यांनीं पवाडा रचला तेव्हां तो ऐकीव नव्हता. तेव्हांच्या खात्यांत एका जातीचे कामगार होते. आतां तशी स्थिति नाहीं. कंत्राटदारही आपले, सभासदही आपले, आणि कित्येकदां कंत्राटदार सभासदाचा मेहुणा. ह्यावर आमचे कांहीं बंधु म्हणतील कीं आपल्या माणसाचें कां उघडें करावें? आम्ही विचारतों, खुबा मोडलेली म्हातारी कोणाची होती?

येथें आणखी एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे, नाहीं तर आमच्या लेखाचा उपयोग भलतेच लोक करितील. फूटपाथ मोकळा करावयाचा म्हटलें कीं पहिली काठी भाजीवालीच्या टोपलीवर पडते. दुकानदाराची पायरी चार फूट पुढें आलेली असते, पत्र्याची पडवी असते, तिला कोणी हात लावीत नाहीं. पाड्यावरून करवंदें, स्ट्रॉबेरी, रानभाजी घेऊन आलेल्या बाईला उठवितात. हें कायद्यालाही धरून नाहीं. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो कीं पाहणी करावी, विक्रेत्यांना जागा नेमून द्यावी, आणि ह्यासाठीं जी समिति असते तींत विक्रेत्यांचे प्रतिनिधि असावेत. सहा फूट चालण्याची जागा आधीं आंखावी, तिच्या पलीकडे टोपलीची जागा आंखावी. रस्ता आंखतांनाच हें केलें तर दोघींचें भांडण होत नाहीं, कारण विकत घेणारीही चालतच येते.

आतां विचारावयाचें कसें? ग्रामपंचायत असते तेथें ग्रामसभेंत उभें राहून विचारतां येतें. सुरगाण्यास आतां नगरपंचायत आहे, आणि नगरपंचायतींत ग्रामसभा नसते. सतरा जणांच्या सभेंत आपण बाहेरचे. म्हणून कागद हातीं धरावा लागतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा सर्वांस ऐकून माहीत आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्यांस फी माफ. पण त्या कायद्यांत एक गोष्ट आहे ती फारच थोड्यांना ठाऊक असते. नुसते कागदच मागतां येतात असें नाहीं. चालूं कामाची प्रत्यक्ष पाहणी मागतां येते, आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागतां येतो. म्हणजे कर्बच्या काँक्रीटचा तुकडा आपण रीतसर मागूं शकतों. अर्जांत लांबलचक भाषण लिहूं नये. अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तकाची प्रत, ठोकळ्यांच्या २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल, आणि काम बिघडल्यास कंत्राटदारानें किती काळपर्यंत तें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावयाचें आहे त्या कलमाची प्रत, एवढें मागावें.

न्यायालयही आतां ह्या बाबतींत मुकें राहिलेलें नाहीं. १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं अडथळा नसलेला, वापरण्याजोगा फूटपाथ मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अपंगांनाही तो वापरतां आला पाहिजे. मोटार कायद्यांत २०१९ सालीं १९८-अ हें कलम घातलें. रस्त्याच्या रचनेचे ठरलेले नियम न पाळल्यामुळें माणूस मेला किंवा अपंग झाला तर अधिकारी असो कीं कंत्राटदार, एक लाखापर्यंत दंड. माणसाचा जीव जाईपर्यंत किंवा पाय मोडेपर्यंत तें कलम झोंपलेलें असतें, आणि जागें झालें तरी एक लाखाच्या पुढें जात नाहीं. अंदाजपत्रकाच्या मानानें ती रक्कम काय होते, हें वाचकांनीं आपल्या गांवच्या फलकावर वाचून पाहावें.

कित्येकदां आम्हांस विचारतात, मास्तरांनीं हे उद्योग कां करावे? बदली होईल. होऊं शकते. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांला गणित शिकविण्याची पद्धत शिकविली, तींत एक गोष्ट होती, कीं लांबी-रुंदी-उंची फळ्यावर शिकवूं नये, वर्गाबाहेर नेऊन शिकवावी. बाहेर नेलें म्हणजे मुलें जें समोर असेल तें मोजतात. आमच्या शाळेंतलीं मुलें आतां मोजतात. सहावीच्या एका मुलानें परवां विचारलें, “गुरुजी, पट्टीपेक्षां उंच असला तर तो कर्ब नापास का?” आम्हीं त्याला हो म्हणून सांगितलें.

तर आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं असें काम चालूं असेल, त्यांनीं मुलाच्या कंपासपेटींतली १५ सेंटीमीटरची पट्टी घ्यावी आणि कर्बला उभी लावावी. खांब व पायऱ्या सोडून चालावयास किती फूट जागा उरते तें टेपानें मोजावें. काम ओतल्यापासून किती दिवस पाणी मारलें तें तारखेसह लिहून ठेवावें, आणि ठोकळे भरले असतील तर त्यांवरची तारीख पाहून तिच्यापुढें २८ दिवस मोजावेत. हे चार आंकडे एका पोस्टकार्डावर मावतात. कंत्राटदाराचें नांव कोणी लिहूं नये, आम्हांस नांव नको. आंकडे आले म्हणजे ते गांववार ह्याच पानावर छापूं.